नाचणारी पावले आणि शहाबादी फरशी : जमीन, घुंगरू, पोशाख आणि टाइट्स यांची निगा

बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण, आळंद, कलबुर्गी या पट्ट्यातील आपल्या मराठी घरांत आज अनेक मुले-मुली नाच शिकत आहेत. कोणी भरतनाट्यमच्या ज्युनिअर-सीनिअर परीक्षांची तयारी करते, तर कोणी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या कथकच्या परीक्षा देते. कोणी शाळेच्या गॅदरिंगपुरती लावणी बसवते. श्रावणात मंगळागौरीच्या खेळांसाठी साठीच्या आजीही कंबर कसतात. शिवाय पुणे, हैदराबाद, बंगळूर किंवा परदेशात असलेल्या नातेवाइकांची मुले बॅले शिकतात आणि सुट्टीत आजोळी आली की आपल्याच ओसरीवर सराव करतात.

या सगळ्यांच्या पालकांकडून आम्हाला तेच ते प्रश्न येतात. घुंगरू किती घ्यावेत? पोशाख धुवावा का? टाइट्स लवकर का फाटतात? मुलीची नडगी का दुखते? या प्रश्नांची उत्तरे सभासदांच्या सोयीसाठी येथे एकत्र दिली आहेत. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. नाचासाठी पैसे खर्च करायचे असतील तर पहिला खर्च पायाखालच्या जमिनीवर करावा, पोशाखाचा विचार त्यानंतर. जुना पोशाख पुढच्या वर्षी बदलता येतो, पण वाढत्या वयात दुखावलेला गुडघा बरा व्हायला फार वेळ लागतो.

आपला भाग आणि नाच

आपल्या मातीला नाच नवा नाही. आजचे बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याण. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९-३० च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात नृत्याला स्वतंत्र प्रकरण आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, हा मराठीच्या अभ्यासकांना प्रिय असलेला उल्लेखही याच ग्रंथातला. हुमनाबाद तालुक्यातील जलसंगवीच्या देवळाच्या बाहेरील भिंतीवर चालुक्यकाळातील मदनिका आजही पाहता येतात. त्यांच्या कमरेची आणि गुडघ्याची वळणे नाच शिकणाऱ्या मुलांना एकदा जवळून दाखवावीत.

दुसरी ओळख दगडाची. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद आणि त्याच्या आसपासच्या खाणींतून निघणारी करड्या रंगाची शहाबादी फरशी आपल्या घरांत तर आहेच, पण रेल्वेने आणि ट्रकने ती महाराष्ट्रभर गेली. पुण्याचे वाडे, मुंबईच्या चाळी, गावोगावच्या शाळा आणि देवळे यांच्या जमिनीत ती बसली आहे. थराथरांनी सुटणारा हा चुनखडीचा दगड टिकाऊ आहे, उन्हाळ्यात थंड राहतो आणि पुसायला सोपा आहे. घरासाठी तो उत्तमच. नाचासाठी मात्र तो तसाच वापरू नये.

फरशीवर नाचल्याने काय होते

जमिनीवर पाय आपटला की तेवढाच जोर जमीन उलट पायावर लावते. जमीन थोडी दबणारी असेल तर तो जोर पसरतो आणि धक्का सौम्य होतो. दगड दबत नाही. त्यामुळे सगळा धक्का टाच, घोटा, नडगी, गुडघा आणि कंबर यांना सोसावा लागतो. उडी मारून खाली येताना पायांवर येणारा भार शरीराच्या वजनाच्या कित्येक पट असतो. कथकचा ततकार आणि भरतनाट्यमचा तट्टडवू यांत उडी नसली तरी पाय एका तासात शेकडो वेळा आपटला जातो. एकेक धक्का लहान असतो, पण त्यांची बेरीज मोठी होते.

आपल्याकडे हे शहाणपण जुने आहे. तालमीतला हौदा पहिलवान खोऱ्याने उकरून भुसभुशीत ठेवतात आणि त्या तांबड्या मातीत तेल, ताक, हळद घालतात. पडणाऱ्याला लागू नये, हाच त्यामागचा विचार. जुन्या घरांतील शेणाने सारवलेली जमीनही दगडापेक्षा मऊ असे. आता घराघरांत फरशी, टाइल किंवा ग्रॅनाइट आले. फरशी आणि टाइल यांच्या खाली काँक्रीट असते, त्यामुळे त्यांचा कडकपणा सारखाच समजावा.

‘पूर्वी देवळाच्या दगडी मंडपातच नाचत असत’, असे काही वडीलधारी मंडळी म्हणतात. ते खरे आहे. पण आज आठ-दहा वर्षांची मुलगी दिवसभर शाळेच्या बाकावर बसते आणि संध्याकाळी अंग न तापवताच तासभर पाय आपटते. हाडे वाढत असतात, स्नायूंना सवय नसते, परीक्षा जवळ आली की सराव एकदम दुप्पट होतो. दुखणे येते ते बहुधा या अशा दिवसांत.

दुखणे कसे ओळखावे

नडगीच्या आतल्या कडेने लांबवर पसरलेले दुखणे, जे नाच सुरू केल्यावर थोडे कमी होते आणि नंतर पुन्हा जाणवते, ते अतिश्रमाचे असते. अशा वेळी आठ-दहा दिवस पाय आपटणे आणि उड्या बंद ठेवाव्यात. हस्तमुद्रा, अभिनय, बोल म्हणणे, हाताने ताल धरणे हा सराव चालू ठेवता येतो.

दुखणे एका बोटाने दाखवता येईल इतके नेमक्या जागी असेल, तेथे दाबल्यावर कळ येत असेल, किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असण्याची शक्यता असते. हे घरगुती लेपावर सोडू नये. हाडांच्या डॉक्टरांना लगेच दाखवावे. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये असा तडा कधी कधी दिसत नाही, म्हणून एक्स-रे चांगला आला तरी दुखणे राहिले तर पुन्हा दाखवावे. मुलाने ‘दुखते’ म्हटले की ते नाच टाळण्यासाठी बोलते आहे असे धरून चालू नये.

घरातील फरशीवर सराव करायचाच असेल तर

सगळ्यांना लाकडी जमीन करणे जमणार नाही. मग निदान एवढे पाळावे.

१. आधी दहा मिनिटे चालणे, जागच्या जागी हलके पाय उचलणे आणि घोटे फिरवणे करून अंग तापवावे. डिसेंबर-जानेवारीत बिदरकडे सकाळी फरशी बर्फासारखी लागते, तेव्हा हा वेळ वाढवावा.

२. ततकार आणि अडवू आधी पूर्ण जोराने न आपटता, पाय हलका ठेवून बसवावेत. पूर्ण जोर शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांपुरता ठेवावा.

३. उड्या फरशीवर करू नयेत. त्या वर्गातील लाकडी जमिनीवर किंवा अंगणातील मातीवर कराव्यात.

४. पायमोजे घालून फरशीवर कधीही नाचू नये. पाऊल घसरले की डोके दगडावर आपटते. हाच नियम पाऊल झाकणाऱ्या टाइट्सना लागू आहे.

५. सुटी सतरंजी किंवा चटई अंथरून नाचू नये. ती सरकते आणि तिच्या सुरकुतीत बोटे अडकतात. जिमखान्याची जाड फोमची गादीही नाचाला योग्य नाही. तिच्यात पाऊल रुतते आणि घोटा मुरगळतो.

६. फरशीचे दर्जे उखडले असतील किंवा एखादी फरशी वर आली असेल तर गवंड्याकडून आधी नीट करून घ्यावी. अनवाणी नाचणाऱ्याच्या अंगठ्याचे नख अशाच कडेवर उपटते.

फरशीची निगा

शहाबादी फरशी चुनखडीची असल्याने तिला आंबटाचे वावडे आहे. संडास-बाथरूम धुण्याचे ॲसिड, व्हिनेगर किंवा लिंबू लावले की पृष्ठभाग खाल्ला जातो, डाग पडतो आणि दगड कुठे खरखरीत, कुठे गुळगुळीत होतो. साधे पाणी आणि थोडा सौम्य साबण पुरतो. साबण पूर्ण निघेपर्यंत पुसावे, कारण त्याचा पातळ थर राहिला तर पाय घसरतो.

जुनी पद्धत म्हणून काही घरांत फरशीला तेलाचा हात देऊन चकाकी आणतात. जेथे नाच, फुगडी किंवा झिम्मा होणार आहे त्या खोलीत तेल किंवा मेणाचे पॉलिश अजिबात लावू नये. आलता सांडला तर लगेच पुसावा, कारण दगड रंग शोषतो. पावसाळ्यात फरशीला घाम येतो. तेव्हा दार-खिडक्या उघडून, पंखा लावून, कोरड्या कापडाने पुसल्यावरच सराव करावा. मंगळागौरीचे दिवस याच ओलाव्यात येतात. फुगडी घालताना दोघींच्या पायांखालची जागा कोरडी आहे हे तिसरीने पाहावे, आणि साठीच्या पुढच्या भगिनींनी उलट्या गिरक्यांचे प्रकार दगडावर टाळावेत.

घरच्या घरी लाकडी जमीन

एका-दोन मुलांच्या सरावाला आठ फूट बाय आठ फूट जागा पुरते. त्यासाठी सुताराकडून पुढीलप्रमाणे काम करून घेता येते.

साहित्य : आठ बाय चार फुटांचे १२ मिलिमीटर जाडीचे वॉटरप्रूफ प्लायवुडचे चार तक्ते, घट्ट फोमचे सारख्या उंचीचे ८१ ठोकळे, २० मिलिमीटर लांबीचे स्क्रू, आणि खाली अंथरायला जाड प्लास्टिक.

कृती : फरशीवर प्लास्टिक अंथरावे, म्हणजे पावसाळ्यातील ओल वर येत नाही. दोन तक्ते शेजारी शेजारी ठेवून आठ बाय आठचा चौकोन करावा. त्याच्या खालच्या बाजूला एक-एक फुटाच्या अंतराने फोमचे ठोकळे चिकटवावेत. एका ओळीत नऊ, अशा नऊ ओळी होतात. जोडावर येणारे ठोकळे दोन्ही तक्त्यांना धरतील असे बसवावेत. मग उरलेले दोन तक्ते वर आडवे ठेवावेत, म्हणजे खालचा जोड उभा आणि वरचा जोड आडवा येतो. दोन्ही थर स्क्रूने जोडावेत. दोन तक्त्यांची जाडी २४ मिलिमीटर होते, म्हणून २० मिलिमीटरचा स्क्रू खालून बाहेर येत नाही. स्क्रूची डोकी लाकडात बुडवावीत. शेवटी पॉलिश पेपरने घासून कडा गोल कराव्यात.

वर चकचकीत वॉर्निश लावू नये. लाकूड तसेच ठेवावे किंवा चमक नसलेला पातळ थर द्यावा. दर महिन्याला अनवाणी पाय ठेवण्याआधी हात फिरवून कुसळ किंवा वर आलेला स्क्रू शोधावा. अशा जमिनीवर घुंगरांचा आवाजही दगडापेक्षा भरदार येतो, हा आणखी एक फायदा.

तयार ‘मार्ली’ म्हणजे नाचासाठी बनवलेला विनाइलचा गुंडाळता येणारा थर. तो घसरण कमी करतो, पण धक्का शोषत नाही. दुकानदार काहीही सांगो, नुसता विनाइल दगडावर अंथरला म्हणजे नाचाची जमीन झाली असे समजू नये. खाली लाकूड आणि फोम हवाच.

उत्सवाचे स्टेज

गणेशोत्सव, शिवजयंती किंवा गॅदरिंगचे स्टेज बहुधा लोखंडी सांगाड्यावर फळ्या टाकून, वर कार्पेट घालून केलेले असते. फळ्या दबतात, म्हणून ते दगडापेक्षा बरे. पण फळ्यांमधल्या फटी आणि खिळे कार्पेटखाली लपतात. कार्यक्रमाआधी मंडळाच्या कार्यकर्त्याने पूर्ण स्टेजवर चालून पाहावे. फळी हलत असेल तेथे पाचर मारावी. कार्पेट चारही बाजूंनी ताणून पट्टीने चिकटवावे. सिंथेटिक कार्पेटवर गिरकी घेतली की तळव्याची कातडी भाजल्यासारखी सोलते, म्हणून कथकच्या मुलांना चक्कर घेण्यापुरती मधली जागा कार्पेटशिवाय ठेवावी. हार-फुलांच्या पाकळ्या, पाणी आणि गुलाल प्रत्येक कार्यक्रमानंतर झाडून घ्यावेत. एप्रिल-मे महिन्यात कलबुर्गीत पारा चाळीसच्या पुढे जातो. तेव्हा उघड्या स्टेजवर दुपारी रंगीत तालीम ठेवू नये.

घुंगरू आणि चाळ

‘अभिनयदर्पण’ या जुन्या संस्कृत ग्रंथात घुंगरू काशाचे असावेत, एकेक अंगुळ अंतरावर निळ्या दोऱ्यात घट्ट गाठींनी बांधावेत आणि प्रत्येक पायात शंभर किंवा दोनशे असावेत असे सांगितले आहे. गाठींची सूचना आजही तितकीच उपयोगाची आहे. प्रत्येक घुंगराला स्वतंत्र गाठ असेल तर एक तुटला तरी बाकीचे सांडत नाहीत.

नव्याने शिकणाऱ्या मुलाला प्रत्येक पायात पंचवीस ते पन्नास घुंगरू पुरतात. घोटा मजबूत होईल तसे गुरूंच्या सल्ल्याने वाढवावेत. लावणी नाचणाऱ्या कलावतींची वजनदार चाळ पाहून लहान मुलीला तशी चाळ आणू नये. त्यांच्या पायांना वर्षानुवर्षांची सवय असते. कथकसाठी सुती दोरीत ओवलेले घुंगरू लागतात. भरतनाट्यमसाठी चामड्याच्या किंवा मखमलीच्या पट्ट्यावर शिवलेले वापरतात.

घेताना प्रत्येक घुंगरू हलवून आवाज ऐकावा. तोंडाची फट खरखरीत असेल तर नको. बांधताना आधी पायावर सुती पट्टी गुंडाळावी. दोरीचे टोक अंगठ्यात अडकवून घोट्याच्या वरून सुरुवात करावी आणि वर चढत जावे. शेवटी दोरीखाली एक बोट सहज जाईल इतके सैल असावे. पाय बधिर झाला किंवा बोटे थंड पडली तर लगेच सोडून पुन्हा बांधावे.

ओवलेले घुंगरू पाण्यात बुडवू नयेत. दोरी कुजते आणि आतला लोखंडी खडा गंजून आवाज बसतो. कोरड्या कापडाने पुसणे पुरते. फार काळे झाले तर सगळे सोडवून चिंचेच्या पाण्याने किंवा पितांबरीने घासावेत, स्वच्छ धुवावेत, कापडावर पसरून उन्हात पूर्ण वाळवावेत आणि नव्या दोरीत ओवावेत. वर्षातून एकदा दोरी बदलावी. चामड्याचे पट्टे सरावानंतर पिशवीत कोंबू नयेत, सावलीत वाळवावेत. पावसाळ्यात त्यांना बुरशी येते, तेव्हा आठवड्यातून एकदा वारा द्यावा.

नाचाचा पोशाख

भरतनाट्यमचा शिवलेला रेशमी पोशाख प्रत्येक कार्यक्रमानंतर धुऊ नये. घरी आल्यावर लगेच उलटा करून पंख्याखाली वाळवावा. काखेत सुती अस्तराचे तुकडे टाचून घ्यावेत आणि तेवढेच काढून धुवावेत. सेंट किंवा स्प्रे कधीही कपड्यावर मारू नये, जर काळी पडते. पुढचा पंखा चुण्यांवरच दुमडून, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी, नाहीतर जर घडीवरच तुटते. इस्त्री करताना मध्ये सुती कापड धरावे.

लावणीसाठी आजीची इरकल किंवा नऊवारी काढली जाते. ती कापून शिवलेला काष्टा करण्याची घाई करू नये. तीच साडी पुढे दुसऱ्या नातीलाही हवी असते. नेसताना पिन लावायची असेल तर कापडाची लहान जाड घडी मध्ये ठेवून त्यातून लावावी, म्हणजे नाचताना ताण येऊन साडी फाटत नाही. जुन्या इरकलचा रंग जातो, म्हणून ती थंड पाण्यात वेगळी धुवावी. आलता पूर्ण वाळल्याशिवाय पोशाख घालू नये.

कथकचा चुडीदार पायाच्या लांबीपेक्षा बराच लांब असतो, त्याच्या चुण्या घोट्यावर जमतात. टाचेखाली कापड येत नाही ना, हे नाचण्याआधी पाहावे.

टाइट्स

बॅलेचे किंवा गॅदरिंगच्या नाचाचे टाइट्स नायलॉन आणि लायक्राचे असतात. ते फाटतात ते बहुतेक घालताना. नखे कापावीत, अंगठी-बांगड्या काढाव्यात, मग एका पायाचा टाइट्स पंज्यापर्यंत दोन्ही हातांत गोळा करून पाऊल घालावे आणि हळूहळू वर सरकवावे. कंबर धरून एकदम ओढू नये. उंची आणि वजनाच्या तक्त्यावरून माप घ्यावे. ‘पुढच्या वर्षीही बसेल’ म्हणून मोठे घेतले तर गुडघ्यावर आणि घोट्यावर चुण्या पडतात.

तळव्याला भोक असलेले टाइट्स मिळतात. ते पोटरीपर्यंत गुंडाळता येतात. आपल्या फरशीच्या घरांत तेच घ्यावेत, म्हणजे बूट काढल्यावर मूल अनवाणी राहते. मुलांच्या वर्णाशी जुळणाऱ्या रंगाचे टाइट्सही आता मिळतात. वर्गाची सक्ती नसेल तर गुलाबीच हवे असे नाही.

धुताना थंड पाणी, सौम्य साबण आणि हाताने दाबून धुणे. पिळू नये, ब्रश लावू नये, ब्लीच वापरू नये. आपल्याकडचे ऊन कडक असते, त्यात लायक्राचा ताण मरतो. सावलीतच वाळवावे. मशीनमध्ये टाकायचेच असेल तर जाळीच्या पिशवीत घालावे. धागा सुटून उभी रेघ पडू लागली तर तिच्या दोन्ही टोकांना रंगहीन नेलपॉलिशचा थेंब लावावा, रेघ तेथेच थांबते.

बॅलेचे बूट

आपल्याकडे बॅले म्हटले की पूर्वी नृत्यनाट्य समजत असत. येथे पाश्चात्त्य बॅलेचे मऊ बूट अभिप्रेत आहेत. ते पायाला मोज्यासारखे बसले पाहिजेत. बोटे सरळ राहावीत, पण पुढे रिकामी जागा नसावी. वाढत्या मापाचे बूट घेणे येथे धोक्याचे आहे. चामड्याचे जास्त टिकतात, ते ओल्या कापडाने पुसावेत. कापडी बूट हाताने धुता येतात. इलॅस्टिक बहुधा घरीच शिवावे लागते. शिवताना वरच्या कडेतील नाडी सुईत येऊ देऊ नये. नाडीची गाठ मारून टोके आत खोचावीत.

हे बूट घालून अंगणात, रस्त्यावर किंवा शहाबादी फरशीवर चालू नये. दगडाच्या कणांनी तळ झिजतो, आणि ती धूळ पुढे लाकडी जमिनीवर जाऊन तेथे घसरण करते. बूट घसरत असतील तर काही वर्गांत राळेची पूड वापरतात. ती फक्त गुरूंनी सांगितल्यास आणि लाकडावरच वापरावी. विनाइलवर तिचे चिकट थर बसतात.

बोटांच्या टोकावर उभे राहण्याचे कडक ‘पॉइंट’ बूट मुलीच्या हट्टापायी कधीही ऑनलाइन मागवू नयेत. साधारण अकरा-बारा वर्षांच्या आधी आणि काही वर्षांच्या नियमित शिक्षणाशिवाय ते देत नाहीत. घोटा आणि पाऊल तयार आहे की नाही हे शिक्षकच ठरवतात. या बुटांचा पुढचा भाग कापड, कागद आणि खळीच्या थरांचा असतो. घामाने तो मऊ होतो. म्हणून वापरल्यावर आतली गादी काढून बूट उघड्या हवेत वाळवावेत, पिशवीत ठेवू नयेत, उन्हात किंवा हीटरजवळही ठेवू नयेत. मऊ पडलेला बूट पायाला आधार देत नाही, तो टाकून द्यावा.

पावलांची निगा

सरावानंतर पाय धुऊन बोटांच्या फटी कोरड्या कराव्यात. नखे सरळ कापावीत. तळव्याच्या भेगांना रात्री खोबरेल तेल लावावे. नाचाआधी लावू नये, पाय घसरतो. फोड आला तर फोडू नये, स्वच्छ पट्टीने झाकावा. कुरूप घरी ब्लेडने कापू नये. मधुमेह असलेल्या भगिनींनी मंगळागौरीच्या सरावानंतर रोज तळवे पाहावेत. त्यांना लहान जखम जाणवत नाही आणि ती चिघळते. त्यांनी मऊ तळाचे, न घसरणारे बूट घालूनच खेळावे.

एकमेकांना देण्याघेण्याबद्दल

लहान झालेले पोशाख, चुडीदार, दागिने आणि घुंगरू चांगल्या स्थितीत असतील तर दुसऱ्या मुलांना जरूर द्यावेत. घुंगरू देताना दोरी नवी घालून द्यावी. मऊ बॅले बूट माप तंतोतंत जुळले तरच द्यावेत. पॉइंट बूट मात्र कोणालाही देऊ नयेत, ते पहिल्या मुलीच्या पावलाच्या आकाराने वळलेले असतात. आणि ज्यांच्याकडे आठ बाय आठची लाकडी जमीन करून झाली आहे, त्यांनी शेजारच्या एखाद्या मुलालाही संध्याकाळी तेथे सराव करू द्यावा. एका घराने केलेला हा खर्च तीन-चार घरांच्या मुलांचे गुडघे सांभाळतो.